भटारखान्याची वाट

“दोन नकोत, चहा एकच पाठवा,” फोनवर बाई म्हणाल्या.

सकाळी रिसेप्शनवर बसलं की निम्मे फोन चहाचेच येतात. मी लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, “सोबत बिस्किटं पाठवू का?”

बाई म्हणाल्या, “हे उठत नाहीयेत. मघापासून हाका मारतेय. अंग गार लागतंय हो.”

फोन धड ठेवायचंही मला सुचलं नाही. तो तसाच टेबलावर टाकून मी जिन्यानं वर धावले. तीनशे बारा नंबरच्या खोलीचं दार उघडंच होतं. राऊळकाका उशीवर मान एका अंगाला करून निवांत झोपल्यासारखे पडले होते. काकी त्यांच्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. मी हात लावून पाहिला आणि काय झालंय ते कळलं. काकींना तर ते माझ्या आधीच कळलेलं होतं. नाहीतर चहा एकच कशाला मागवला असता त्यांनी?

तेव्हा मी पंचविशीची होते. कोल्हापुरातल्या त्या हॉटेलात लागून मला वर्षही झालं नव्हतं. हॉटेल मॅनेजमेंट शिकून आले होते, त्यामुळे डोक्यात पुस्तकातले नियम नुसते ठासून भरलेले. कॉलेजात अगदी सुरुवातीलाच आम्हाला सांगितलं होतं, की हॉटेल म्हणजे दोन घरं. एक पाहुण्याला दिसणारं, दुसरं न दिसणारं, आणि मधे एक झुलतं दार. न दिसणाऱ्या घरातला आवाज, वास, घाम, भांडणं, यातलं काही म्हणजे काही त्या दारातून अलीकडं येता कामा नये. परीक्षेत मी यावर पानंच्या पानं लिहिली होती आणि मार्कही भरघोस पडले होते. मेलेला माणूस कोणत्या घरात धरायचा, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

राऊळ नवरा-बायको आदल्या संध्याकाळी आले होते. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि सावंतवाडीकडच्या आपल्या गावी परत जायचं, एवढाच बेत. काकांनी भर उन्हाळ्यात कोट चढवला होता. आमचा दरवान यल्लाप्पा, फेटा-मिशीवाला, पुढं होऊन सलाम ठोकून दार उघडायला गेला, तर काकांनी त्याला थांबवलं. आधी त्याचा सलाम नीट कपाळाला हात लावून परत केला. मग म्हणाले, “आज मला उघडू दे.” आणि स्वतः दार धरून बायकोला आत घेतलं. मला गंमत वाटली होती. पहिल्यांदाच असल्या हॉटेलात आलेत, हौस भागवून घेताहेत, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मोठं लग्न होतं, म्हणून खोल्या सगळ्या वऱ्हाडानं अडवलेल्या. उरली होती ती एकच, मागच्या बाजूची. खाली भटारखाना, आणि त्याचा धूर ओढणारा मोठा पंखा बरोबर खिडकीखाली. लग्नाच्या तयारीनं तो रात्रभर घरघरणार होता.

मी आधीच सांगितलं, “काका, तिथं आवाज फार येतो. मी दुसऱ्या हॉटेलात फोन करून बघू का?”

“येऊ दे की आवाज,” काका म्हणाले. “मला चालतो.”

काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मग काका काउंटरवर जरा वाकून म्हणाले, “पोरी, तुमचा भटारखाना बघायला मिळेल का गो?”

“पाहुण्यांना आत सोडत नाहीत काका. नियम आहे.”

“बरं, बरं. नियम असतोच,” असं म्हणून ते किल्ली घेऊन वर गेले. त्यांच्याशी झालेलं माझं बोलणं एवढंच.

डॉक्टर आले. हृदयाचा जुना दुखणाईत, औषधं पिशवीतच होती. झोपेत गेले, म्हणाले. चौकीवरचे पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. मुलं लांब होती, म्हणून काकांचा पुतण्या गावाहून निघाला होता. तोवर सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि तिथून तो गावी घेऊन जाणार, असं ठरलं. गाडीही यायला निघाली. हे सगळं होईतो खाली सनई सुरू झाली होती.

आमचे मॅनेजर खासनीस साहेब वर आले, काकींना हात जोडले आणि मला बाहेर बोलावून घेतलं.

“मागच्या लिफ्टनं, भटारखान्यातून मागच्या फाटकाला,” ते हळू आवाजात म्हणाले. “गाडी तिकडंच लावायला सांगितलीय. तू काकींशी बोल. बाईमाणसानं बोललेलं बरं.”

अवघड काम आलं की बाईमाणूस आठवतं, एरवी नाही. पण तोंडावर कशाला बोलते मी. आत गेले.

काकींनी काकांचा कोट घडी करून मांडीवर घेतला होता. मी हॉटेलातलं गोड बोलणं सुरू केलं. “काकी, गाडी येतेच आहे. मागच्या लिफ्टनं नेलं तर सोयीचं पडेल. तिकडं गर्दी नसते.”

“मागं काय आहे?”

“एक दार आहे. भाजीपाला, सामान वगैरे तिकडून येतं.”

“आणि कचरा तिकडून जातो.”

मी मान डोलावली.

“मला माहीत आहे ते दार,” काकी म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, अगदी शांतपणे बोलत होत्या. “हे मुंबईला बड्या हॉटेलात भटारी होते. सगळी उमर गेली तिथं. नोकरांनी पुढच्या दारानं जायचं नाही, असा कायदा. आमचा मोठा एकदा तापानं फणफणला होता. मी ह्यांना बोलवायला धावत गेले. पुढच्या दारावरच्या माणसानं मला दंडाला धरून मागं पाठवलं. मासळीच्या टोपल्या, कचऱ्याची पिंपं, आणि त्यात मी उभी. हे आले ते घामानं निथळत. माझ्याकडं बघितलं आणि पोराचं काही विचारायच्या आधी म्हणाले, लीला, एक दिवस तुला पुढच्या दारानं नेईन.”

त्यांनी कोटाची घडी पुन्हा सारखी केली.

“काल नेलं. म्हातारपणी का होईना, नेलं. आणि आज तुम्ही म्हणता, ह्यांना मागच्या दारानं काढा. तुझ्यावर राग नाही गो मुली माझा. पण मी नाही नेऊ देणार. आम्ही पुढच्या दारानं आलोय, पुढच्या दारानंच जाऊ.”

मी खाली गेले आणि खासनीस साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“मला काही वाटत नाही असं समजू नकोस,” ते म्हणाले. “पण बाहेर बघ. मंडप पुढच्या दारापासून आहे. नवरीची आई ओवाळायला दारात उभी आहे. वरात येऊन ठेपेल आता. तिच्या डोळ्यांदेखत ह्या दारातून प्रेत बाहेर पडलं, तर ती बाई जन्मभर ते मनात धरून बसेल. त्या पोरीचं पुढं काहीही वाईट झालं तरी त्याचं कारण हेच.”

“मुहूर्त उरकेपर्यंत थांबू या?”

“मग पंगती आहेत. मग संध्याकाळचा समारंभ. ह्या उन्हाळ्यात काकींना दिवसभर तसंच बसवून ठेवायचं?”

त्यांचंही खोटं नव्हतं. तेच मला जड जात होतं. साहेब दुष्ट असते तर मी सरळ भांडले तरी असते. इथं दोन्हीकडची माणसं बरोबर, आणि मधे मी.

“जा, वस्तादांना वाट मोकळी ठेवायला सांग,” ते म्हणाले. “आणि काकींना काहीतरी खायला पाठव. टोस्ट वगैरे.”

वस्ताद म्हणजे आमच्या भटारखान्याचे मुख्य, बापू चौगुले. तालमीतला माणूस, गुडघे गेल्यावर इकडं वळलेला. मी झुलतं दार ढकलून आत गेले. आत नुसता कल्लोळ होता. एका कढईत जिलेब्या, दुसरीत पुऱ्या, मसालेभाताची पातेली दमावर, आणि सगळ्यांच्या वर तो पंखा गर्जत होता. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे.

मी सांगितलं, वस्तादांनी ऐकलं, आणि टोस्टचं नाव निघताच झारा खाली ठेवला.

“टोस्ट? अशा वक्ताला टोस्ट देत्यात व्हय कुणी? मयताच्या घरात चूल पेटत न्हाई मगदूमताई. शेजारी पिठलं-भात घेऊन जात्यात. आन् त्योबी सगळं उरकल्यावर. आत्ता त्यांच्या घशाखाली पाणीबी उतरायचं न्हाई.” त्यांनी आपल्या पेटलेल्या शेगड्यांकडं एकदा पाहिलं. “घर म्हनावं तर घर न्हवं हे. पर शेवटी माणूस हितंच गेलाय न्हवं?”

“वस्ताद, काकी तयार नाहीत. पुढच्या दारानंच न्या म्हणतात.” मग मी त्यांना सगळं सांगितलं, मुंबईचं हॉटेल, मागचं दार, कालचा कोट. काकांनी भटारखाना बघायला मागितला होता, तेही.

वस्तादांनी अंगातला पांढरा कोट झटकला, तरी हळदीचे डाग काही गेले नाहीत. “चला,” म्हणाले.

“कुठं?”

“वर.”

भटारखान्यातल्या माणसानं पाहुण्यांच्या मजल्यावर जायचं नसतं. हाही नियमच. मी तो सांगितला नाही.

खोलीत शिरल्यावर वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. काकांचा हात चादरीबाहेर होता. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, काही काळे, काही पांढरट. मी तो हात सकाळी धरला होता आणि मला ते दिसलेच नव्हते. वस्तादांनी स्वतःची बाही मागं सारली. त्यांच्या हातावरही तसेच. त्यांनी वाकून काकांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“काकी, मी हितला भटारी,” ते म्हणाले. “पुढच्या दारानं न्यायचं तुमी म्हणालात, तर खांद्याला पयला मी. साहेबांना काय बोलायचं ते मला बोलू देत, नोकरी गेली तर गेली. पर एक विचारतो. काल काकांनी ह्या ताईंना भटारखाना बघायचा म्हणून सांगितलं हुतं. त्यो बघायचा ऱ्हायला न्हवं?”

काकींनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले.

“हो,” त्या म्हणाल्या. “खोलीत आल्यावर म्हणाले, ही पोर सोडत नाही, हॉटेलातली आमचीच माणसं अशी. वाईट नाही वाटलं हो त्यांना, हसले. मग खिडकी उघडून बसले त्या पंख्याचा आवाज ऐकत. रिटायर झाल्यापासून ह्यांना घरात धड झोप नव्हती. शांतता टोचते म्हणायचे. काल त्या घरघरीत अंथरुणाला पाठ टेकली आणि गाढ झोपले. मी म्हटलं, बरं झालं, किती वर्षांनी झोपलेत.”

खालून पंख्याचा आवाज येतच होता.

“तुमी आदी बघून या,” वस्ताद म्हणाले. “मग तुमी म्हणाल त्या दारानं.”

काकी उठल्या. कोट त्यांनी हातातच ठेवला. मागच्या लिफ्टनं आम्ही तिघं खाली आलो. झुलत्या दाराशी त्या थबकल्या. आत ओरडाआरड चालली होती. कुणी पुऱ्या लाटत होतं, कुणी बर्फाच्या लाद्या फोडत होतं. काकींनी डोळे मिटून एक श्वास घेतला.

“मसालेभात वाफेला आलाय,” त्या म्हणाल्या. “अस्सा वास यायचा ह्यांच्या कपड्यांना. कितीही धुतले तरी जायचा नाही.” मग वस्तादांना विचारलं, “हे इथं असते तर कुठं उभे राहिले असते?”

वस्तादांनी मधल्या मोठ्या शेगडीपुढची जागा दाखवली. “हितं. माज्या जागंवर.”

काकी तिथं जाऊन उभ्या राहिल्या. आचेनं त्यांचा चेहरा लाल झाला, पण हलल्या नाहीत. एकेक करून सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडं गेलं. पदर खोचलेली, हातात पुरुषाचा कोट घेतलेली म्हातारी भर लग्नाच्या धांदलीत शेगडीपुढं का उभी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी बोलणी हळूहळू कमी झाली.

“आणा त्यांना,” काकी म्हणाल्या.

“कुठून आणू काकी?” मी विचारलं.

“इथूनच. पुढचं दार त्यांना मला दाखवायचं होतं, ते काल दाखवलं. त्यांना स्वतःला हे बघायचं होतं.”

वस्तादांनी पोरांना काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. मी वर निघाले होते. गाडीवरच्या माणसांबरोबर स्ट्रेचर घेऊन खाली येईतो भटारखान्याची फरशी धुऊन कोरडी केलेली होती, आणि शेगड्यांमधून मागच्या दारापर्यंत पांढरी टेबलक्लॉथं अंथरलेली, लग्नाच्या पंगतीसाठी इस्त्री करून ठेवलेली. भांड्याला बसणाऱ्या बायका एका अंगाला, स्वयंपाकी दुसऱ्या अंगाला. स्वयंपाक्यांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या.

“गॅस,” वस्ताद म्हणाले.

एकामागून एक शेगड्या विझल्या. पुरीच्या कढईतलं तेल खळखळायचं थांबलं. शेकडो माणसांचं जेवण अर्ध्यावर होतं आणि वरात पुढच्या फाटकाशी आली होती. मागं उभ्या एका पोरानं एकदा साहेबांच्या खोलीकडं बघितलं. खासनीस साहेब झुलत्या दारात उभे होते. ते नको म्हणाले नाहीत. त्यांनी दाराची फळी हातानं धरून ठेवली, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

मग वस्तादांनी भिंतीवरचा खटका खाली ओढला आणि पंखा बंद झाला.

दिवसा तो पंखा बंद झालेला मी कधी ऐकला नव्हता. आवाज थांबला तसं आत एकदम मोकळं झालं. लांबून सनई ऐकू येत होती, बाकी काही नाही. स्ट्रेचर मधल्या शेगडीपाशी आलं तेव्हा काकींनी हात करून थांबवलं. घडी उलगडून कोट काकांच्या अंगावर पांघरला. मग त्यांच्या कानाशी वाकल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पंखा बंद झाला. संपली पाळी. चला आता घरी.”

एवढं ऐकलं आणि मला रडू आवरेना. कॉलेजात शिकवलं होतं, पाहुण्यासमोर रडायचं नाही. मी तोंड फिरवायचाही प्रयत्न केला नाही. वस्तादांची तर मान खालीच होती.

मागच्या दाराबाहेर कचऱ्याची पिंपं होती, त्यांवर कुणीतरी ताडपत्री ओढली होती. फाटकाशी गाडी उभी होती. आणि फाटकावर, जिथं कधीच कुणी दरवान नसतो, तिथं यल्लाप्पा उभा होता. फेटा, पट्टा, पितळी बटणं, सगळा पोशाख अंगावर. वरात पुढच्या दाराशी पोचली होती आणि पुढच्या दारावर कुणीच नव्हतं. त्याला कुणी बोलावलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानं फाटकाचं दार सताड उघडलं आणि काकांना सलाम केला. कालच्यासारखाच, टाच टाचेला लावून.

काकी थांबल्या. पदर सारखा केला. काल काकांनी केला होता तसा, कपाळाला हात लावून त्यांनी यल्लाप्पाचा सलाम परत केला, आणि मग गाडीत चढल्या. वस्तादांनी त्यांच्या शेजारी पिठलं-भाताचा डबा ठेवला.

“उरकल्यावर खा,” ते म्हणाले. “शेजाऱ्याचा हाय.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. मग वस्तादांनी टोपी घातली आणि आत गेले. थोड्या वेळानं पंखा पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पंगतीच्या पुऱ्या तळायला लागल्या.